बॅकगॅमनच्या सामन्यात घड्याळ कसं सांभाळायचं: नव्या खेळाडूंसाठी

घड्याळ लावून पहिलाच सामना खेळणारा माणूस लांबूनही ओळखू येतो. दान टाकतो, चाल करतो आणि हात मांडीवर ठेवून पटाकडे बघत बसतो. समोरचाही थांबलेला असतो. पाच-सात सेकंद जातात आणि मग त्याच्या लक्षात येतं की घड्याळ दाबायचं राहिलंय, इतका वेळ आपलाच वेळ जात होता.

ही सवय दोन-तीन सामन्यांत सुटते. वेळेचा हिशेब मात्र बरेच जण वर्षानुवर्षं शिकत नाहीत, आणि चांगला खेळ असूनही सामन्याच्या शेवटी घायकुतीला येतात. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक चाली डिलेमध्ये, म्हणजे दर चालीला वेगळ्या मिळणाऱ्या ठरावीक सेकंदांत, बसवायला शिका आणि राखीव वेळ मोजक्या निर्णयांसाठी जपून ठेवा. पुढे जे सांगतोय ते सगळं यासाठीच.

आधी वेळेची रचना समजून घ्या

स्पर्धांमध्ये सर्रास चालणारी पद्धत अशी: सामना जितक्या गुणांचा, त्याच्या दुप्पट मिनिटं प्रत्येकाला राखीव, आणि शिवाय प्रत्येक चालीला 12 सेकंदांचा डिले. अमेरिकेच्या बॅकगॅमन फेडरेशनच्या नियमांतही हेच प्रमाण आहे. म्हणजे 7 गुणांच्या सामन्याला प्रत्येकी 14 मिनिटं, 11 गुणांच्या सामन्याला 22 मिनिटं.

तुमची पाळी सुरू झाली की आधी डिले चालतो. त्या 12 सेकंदांत चाल करून घड्याळ दाबलंत, तर राखीव वेळेला धक्काही लागत नाही. तेरावं सेकंद लागलं की राखीव वेळ कमी व्हायला लागते. पण चार सेकंदांत चाल केली म्हणून उरलेली आठ सेकंदं जमा होत नाहीत, ती गेली. डिले म्हणजे रोजची मिळकत, जी त्याच दिवशी वापरायची. राखीव वेळ म्हणजे गाठीला बांधलेली पुंजी, जिच्यात भर कधीच पडत नाही.

बुद्धिबळातून आलेल्यांचा इथे गोंधळ होतो. बॉबी फिशरने 1988 मध्ये ज्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यात प्रत्येक चालीला ठरावीक सेकंदं मिळतात आणि न वापरलेली सेकंदं साठत जातात. बॅकगॅमनला ते मानवणार नाही असं माझं मत आहे. इथे बारवर, म्हणजे मार खाल्लेली सोंगटी ठेवतात त्या पटाच्या मधल्या पट्टीवर, अडकलेला खेळाडू एकापाठोपाठ एक पाळ्या नुसत्या सोडत असतो, शेवटी सोंगट्या बाहेर काढताना डोकं चालवावं लागत नाही. अशा पाळ्यांमधून कुणाच्या खात्यात मिनिटं जमा व्हावीत, हे न्यायाचं वाटत नाही. डिलेमध्ये ते होत नाही.

सामना सुरू होण्याआधी

घड्याळ दुसऱ्याने लावून दिलेलं असलं तरी स्वतः तपासा. दाबून बघा: मोठा आकडा 12 सेकंद जागेवर थांबतो का? दाबल्यावर तुमची वेळ पाळीच्या सुरुवातीला होती त्याहून वाढत असेल, तर घड्याळ फिशर पद्धतीवर लावलेलं आहे, ते बदलून घ्या. काही घड्याळांत ब्रॉनस्टाइन पद्धत असते. त्यात आकडा लगेच उतरायला लागतो, पण घड्याळ दाबल्यावर वापरलेली सेकंदं, जास्तीत जास्त 12, परत मिळतात. दिसायला वेगळं असलं तरी हिशेब तोच राहतो.

मग संचालकांना विचारून घ्या: वेळ संपली तर काय? आता बहुतेक ठिकाणी वेळ संपली की सामनाच हरतो. काही ठिकाणी मात्र समोरच्याला दंडाचे गुण देतात. फासे कधी उचलायचे, मधली विश्रांती किती मिळते, डावांच्या मध्ये घड्याळ थांबवायचं का, हेही आधीच विचारावं. वाद झाल्यावर नियम विचारणारा माणूस नेहमी अडचणीत असतो.

हाताला वळण लावा

घड्याळ लावून खेळताना पाळी संपते ती घड्याळ दाबल्यावर, चाल केल्यावर नव्हे. म्हणून क्रम पक्का करून टाका. दान टाका, चाल करा, सोंगट्या आपापल्या घरांत नीट बसल्यात ना ते एकदा बघा, आणि ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबा. फासे तोवर पटावरच राहू द्या, म्हणजे समोरच्याला दान आणि चाल ताडून पाहता येते. एका हाताने सोंगटी आणि दुसऱ्या हाताने घड्याळ, असं करणारा खेळाडू चाल पूर्ण होण्याआधीच दाबून बसतो, आणि मग भांडणं होतात.

एक चाल बाकी असताना घड्याळ दाबू नका. दाबल्यावर चाल बदलू नका. समोरच्याने दाबण्याआधी फासे टाकू नका, कितीही घाई असली तरी. त्या दानावरून हमखास वाद होतो.

बारवरची सोंगटी आत येऊ शकली नाही तर? तीही एक पाळीच आहे. दान टाकलं, आत जागा नाही, लगेच घड्याळ दाबा. नवे खेळाडू नेमके इथे थबकतात. मनासारखं दान न पडल्याचा हिरमोड असतो, हात जागचा हलत नाही, आणि घड्याळ चालूच राहतं.

समोरच्याने सहाही घरं बांधून तुम्हाला पूर्ण बंद केलं असेल, तर दान टाकण्याचा प्रश्नच नसतो. तरीही दर पाळीला घड्याळ दाबलं गेलं पाहिजे, म्हणजे समोरच्याला त्याचा डिले नव्याने मिळतो. अशा वेळी फासे न टाकता सरळ घड्याळ दाबून त्याला खेळू देणं, हा चांगला शिष्टाचार आहे. तुम्ही वरचढ असाल आणि समोरचा दाबायला विसरत असेल, तर त्याला शांतपणे आठवण करा, कारण तो दाबेपर्यंत तुम्हाला पुढचं दान टाकता येत नाही.

क्यूबचं, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करण्याच्या फाशाचं, वेगळं आहे. समोरचा एकतर तो घेऊन दुप्पट गुणांवर खेळतो, किंवा सोडून डाव हरतो. डबल द्यायचं असेल तर दान टाकण्याआधी. क्यूब फिरवा, स्पष्ट आवाजात "डबल" म्हणा, क्यूब समोरच्याच्या बाजूला ठेवा आणि घड्याळ दाबा. आता विचार करायचा तो त्याच्या वेळेत. त्याने घेतला, तर तो क्यूब आपल्याकडे ओढून घड्याळ दाबतो आणि मग तुम्ही दान टाकता. सोडला, तर डाव संपला: घड्याळ थांबवा, गुण लिहा, पट मांडा. डबल दिल्यावर घड्याळ दाबायला विसरणं ही नवख्यांची महागडी चूक आहे. समोरचा दोन मिनिटं विचार करतो, आणि ती दोन मिनिटं तुमच्या पुंजीतून जातात.

पाच सेकंदांची गळती

राखीव वेळ एखाद्या मोठ्या निर्णयात संपते, असं सगळ्यांना वाटतं. क्वचितच तसं होतं. ती थेंबाथेंबाने जाते.

हिशेब करून बघू. 7 गुणांचा सामना, राखीव 14 मिनिटं, म्हणजे 840 सेकंद. समजा सामन्यात 8 डाव झाले आणि प्रत्येक डावात तुमच्या वाट्याला 22 पाळ्या आल्या. एकूण 176 पाळ्या. प्रत्येक पाळीला डिलेच्या वर फक्त पाच सेकंदं गेली, तरी 880 सेकंद होतात. म्हणजे एकही मोठा विचार न करता, एकही क्यूब नीट न तोलता तुमची सगळी पुंजी संपली. 12 ऐवजी 17 सेकंदं घेणारा माणूस स्वतःला हळू खेळणारा समजतही नाही.

मी स्वतः हे 9 गुणांच्या एका सामन्यात शिकलो. दुसऱ्या डावात पहिलंच दान 4-1 पडलं आणि त्यावर मी जवळपास दोन मिनिटं घालवली. सुरुवातीच्या 4-1 ला चालींचे जे पर्याय आहेत ते एकमेकांच्या अगदी जवळचे आहेत, कुठलाही निवडला तरी फारसं बिघडत नाही. पुढे प्रत्येक चालीला थोडं थोडं जास्त घेत राहिलो. 7-7 झाले तेव्हा माझ्याकडे 50 सेकंद उरली होती. तेवढ्यात समोरून डबल आलं. पिप, म्हणजे सगळ्या सोंगट्या बाहेर काढायला लागणारी एकूण घरं, मोजायला घेतले, मध्येच आकडा चुकला, पुन्हा मोजायला वेळ नव्हता, आणि मी क्यूब सोडला. घरी येऊन विश्लेषण केलं, तर क्यूब घेणं अगदी सरळ होतं. त्या 4-1 ला दिलेली दोन मिनिटं मला इथे हवी होती.

समोरच्याचा वेळ चालू असताना

डिलेमध्ये चाली बसवायच्या तर विचाराचा मोठा भाग समोरच्याच्या पाळीत उरकायला हवा. तो नेमका कसा, हे एका प्रसंगावरून बघा.

तुमची सलग पाच घरांची भिंत आहे. समोरच्याची एक सोंगटी त्या भिंतीला अगदी चिकटून अडकली आहे, आणि क्यूब मध्यावर आहे. पाळी त्याची आहे, त्याने अजून दान टाकलेलं नाही. त्याला सुटायला सहाच लागतो. 36 पैकी 11 दानांत सहा येतो. म्हणजे 25 वेळा तो अडकूनच राहणार. हा विचार आत्ताच करा: सहा आला नाही, तर मी डबल देणार का? पिप मोजायचे असतील तर आत्ताच मोजा. त्याने 5-2 टाकलं, दुसऱ्याच सोंगट्या हलवल्या, घड्याळ दाबलं. आता तुम्हाला एवढंच बघायचं आहे की त्याच्या चालीने काही उलटंपालटं झालं का. नसेल तर क्यूब तिसऱ्या सेकंदाला फिरतो.

दान टाकल्यावर डोक्यात काय चालावं, हेही ठरवून ठेवा. पहिली दोन-तीन सेकंदं पट बघायची, फासे नव्हेत. मग दोन चाली निवडायच्या, फार तर तीन. त्यांतल्या प्रत्येकीनंतर समोरच्याची कोणती दानं वाईट ठरतील, एवढंच तोलायचं आणि खेळायचं. सहा-सहा चाली तोलत बसणारा सहसा पहिल्या दोनांतलीच एक खेळतो.

चाल आधी सोंगट्या हलवून बघण्याची सवय मात्र मोडा. सोंगट्या इकडेतिकडे हलवल्या की मूळ स्थिती आठवत नाही, ती परत लावण्यात सेकंदं जातात, आणि लावताना चूक झाली तर समोरचाही अस्वस्थ होतो. डोळ्यांनी चाल करून बघा, हाताने एकदाच करा.

जे पाठ आहे त्याला वेळ लागत नाही

सुरुवातीचं दान दोघं एकेक फासा टाकून ठरवतात, त्यामुळे त्यात दोन्ही आकडे सारखे येतच नाहीत. उरतात फक्त 15 दानं. त्यांच्या चाली पाठ असायलाच हव्यात. 3-1 ला पाचवं घर बांधा, 4-2 ला चौथं, 6-1 ला बार पॉइंट म्हणजे सातवं घर, 5-3 ला तिसरं घर, 6-5 ला मागची एक सोंगटी 24 वरून थेट 13 वर. 6-4 ला तीन पर्याय जवळपास सारखे आहेत. एक निवडा आणि त्यावर कधीही विचार करू नका.

उघड्या सोंगटीला मार बसण्याची शक्यता पटावर बसून मोजायची नसते, ती तोंडपाठ हवी. मध्ये अडथळा नसेल तर एक घर अंतरावर 36 पैकी 11 दानं लागतात, दोन घरांवर 12, तीनवर 14, चारवर 15, पाचवरही 15, सहावर 17. सातपासून पुढे आकडा एकदम घसरतो: सातवर 6, आठवर 6, नऊवर 5. एवढ्यावरच कितीतरी चाली पाच सेकंदांत ठरतात.

बारवरून आत येण्याचेही आकडे असेच लक्षात ठेवा. समोरच्याने तीन घरं बांधली असतील तर 36 पैकी 27 दानांत तुम्ही आत येता, चार असतील तर 20, पाच असतील तर 11.

आणि पळत्या डावासाठी, म्हणजे सोंगट्या एकमेकांना ओलांडून गेल्यावर, 8-9-12 हे तीन आकडे. पुढे असलेल्याच्या पिपच्या 8 टक्के आघाडी असेल तर पहिलं डबल, क्यूब तुमच्याकडेच असेल तर 9 टक्क्यांना पुन्हा डबल, आणि 12 टक्क्यांपर्यंत मागे असलेला घेऊ शकतो. तुमचे 80, त्याचे 88: आघाडी 10 टक्के. डबल द्या, त्याने घ्यावं. 80 चे 12 टक्के साडेनऊच्या आसपास होतात, म्हणजे त्याचे 89 असतील तोवर घेणं योग्य. सामन्यातल्या गुणस्थितीमुळे हे आकडे थोडे हलतात, पण घड्याळ चालू असताना आधाराला एवढे पुरतात.

पिप मोजणं हा यातला सगळ्यात वेळखाऊ भाग. एकेक सोंगटी मोजत गेलात तर डिले तिथेच संपतो. गठ्ठ्याने मोजा: सहाव्या घरावर पाच सोंगट्या म्हणजे 30, तेराव्यावर पाच म्हणजे 65, चोविसाव्यावर दोन म्हणजे 48, आठव्यावर तीन म्हणजे 24. बेरीज 167, सुरुवातीची मांडणी. असे गठ्ठे डोळ्यांत बसले की पूर्ण पट मोजायला पंधरा-वीस सेकंदं पुरतात, आणि तीही बरीचशी समोरच्याच्या वेळेत.

पुंजी कुठे खर्च करायची

क्यूबवर. निःसंकोचपणे. क्यूब घ्यायचा की सोडायचा या एका निर्णयात जितकं पणाला लागलेलं असतं, तितकं दहा साध्या चालींत मिळूनही नसतं. एका मिनिटाच्या शांत विचाराने तुमचं उत्तर बदलणार असेल, तर ते मिनिट सार्थकी लागलं. डबल देण्याबाबत बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू आणि लेखक किट वूल्सी यांचा एक नियम इथे खूप वेळ वाचवतो: समोरच्याने घ्यावं की सोडावं याची तुम्हाला पक्की खात्री नसेल, तर डबल देणं बरोबर. सामन्याच्या अगदी शेवटच्या गुणांवर तो जपून वापरा, एरवी भरवसा ठेवा.

त्यानंतर नंबर लागतो तो डावाची दिशा ठरवणाऱ्या चालींचा: मागचा आधार सोडून पळायचं का, मारायला जाऊन स्वतःची सोंगटी उघडी टाकायची का, दुहेरी विजयासाठी, म्हणजे दुप्पट गुणांसाठी, जोर लावायचा की सुरक्षित जिंकायचं. एका डावात असे निर्णय दोन-तीनच असतात. त्यांना तीस-चाळीस सेकंदं जास्तीची दिलीत तर चालेल.

आणि दोन चाली तोलूनही सारख्याच वाटत असतील, तर थांबा. त्या खरंच सारख्या असण्याचीच शक्यता जास्त आहे. कोणतीही एक खेळा.

वेळ जास्त गेली की कमी, हे कळण्यासाठी मी एक सोपं माप वापरतो. दोघांना मिळून सामना जिंकायला अजून जितके गुण हवेत, तितकी मिनिटं माझ्याकडे असली पाहिजेत. 7 गुणांच्या सामन्यात 0-0 ला दोघांना मिळून 14 गुण हवेत आणि घड्याळात 14 मिनिटं असतात. 4-3 ला तीन आणि चार मिळून सात, तर सात मिनिटं हवीत. 6-2 ला सहा. 6-6 ला हिशेबाने दोन मिनिटं येतात, पण तिथे मी तीन ठेवतो: त्या डावात क्यूबचा उपयोग नसला तरी प्रत्येक चूक थेट सामन्यावर जाते. दर डावानंतर गुण लिहिताना घड्याळाकडे एकदा बघा. डाव चालू असताना बघू नका, लक्ष विचलित होतं.

वेळ संपतच आली तर

राखीव वेळ 30 सेकंदांवर आली तरी डिले कुठे जात नाही. प्रत्येक चालीला 12 सेकंदं मिळतातच, आणि फक्त तेवढ्यावर पूर्ण डाव खेळता येतो. बुद्धिबळातल्यासारखं वीस चाली एका मिनिटात असं संकट इथे नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे हात स्थिर ठेवणं. घाईत सोंगट्या पडल्या की त्या लावण्यात डिले जातो.

डावाला सोपं वळण द्या. दोन चाली जवळजवळ सारख्या असतील तर जिच्यानंतर पुढचे निर्णय सोपे होतील ती खेळा. मागे अडकून राहण्याचे, भिंतीसमोर भिंत असे डाव अशा वेळी टाळा, त्यांत प्रत्येक चालीला विचार लागतो. संपर्क तुटला, पळती सुरू झाली, की तुमचा त्रास संपला.

उलट, वेळ समोरच्याची संपत आली असेल, तर तुम्ही वेग वाढवू नका. त्याला विचाराला वेळ मिळू नये म्हणून भराभर खेळणारे मी पाहिलेत, आणि बहुतेकदा चूक तेच करतात. तुमच्याकडे वेळ आहे हाच तुमचा फायदा, तो वापरा.

घड्याळ कधी थांबवायचं

चालीवर आक्षेप असेल, संचालकांना बोलवायचं असेल, फासा टेबलाखाली गेला असेल, तर घड्याळ थांबवा. या कारणांना बहुतेक नियमांत मुभा असते. पाणी प्यायला, विचार करायला, चिडचिड शांत करायला नाही. तिरपा पडलेला फासा मात्र घड्याळ न थांबवता लगेच पुन्हा टाकायचा असतो.

घरचा सराव

फोनवर घड्याळाचं ॲप घ्या, 14 मिनिटं आणि 12 सेकंदांचा डिले लावा, आणि आठवड्यात निदान दोन सामने त्यावर खेळा. सोबतीला कुणी नसेल तर ग्नू बॅकगॅमन हा मोफत प्रोग्राम चालतो, त्याच्याविरुद्धही घड्याळ शेजारी ठेवून खेळता येतं.

शेजारी एक वही ठेवा. दर डावानंतर तीन गोष्टी लिहा: गुण, उरलेली वेळ, आणि ज्या चालीला तुम्ही 30 सेकंदांपेक्षा जास्त घेतलं ती स्थिती. सामना झाला की त्या स्थिती एक्स्ट्रीम गॅमन या विश्लेषणाच्या प्रोग्राममध्ये किंवा ग्नूमध्ये टाकून बघा. प्रत्येकीसमोर खूण करा: जास्तीच्या विचाराने चाल सुधारली का, बिघडली का, की पहिल्यांदा सुचलेलीच खेळलो? दहा सामन्यांनंतर या खुणा मोजा. ज्या प्रकारच्या स्थितीत तिसरी खूण सर्वांत जास्त दिसेल, त्या प्रकाराला पुढच्या सामन्यापासून डिलेच्या बाहेर एकही सेकंद द्यायचं नाही.